घोडीच्या कातड्याचं वाद्य

तिसरीतून माझी शाळा सुटली आणि मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारखान्यात मी बसलो. पुढं पंचावन्न वर्षं दुसरं काही केलं नाही. मोठे मोठे गवयी तंबोऱ्याला झणकार यावा म्हणून जवारी लावून घ्यायला यायचे आणि मी कानस खाली ठेवेपर्यंत दारात उभे राहायचे. ही बढाई नाही. थोडी आहे, असू दे.

बायको गेली तेव्हा लेक मला आयर्लंडला घेऊन आली, मेनूथला. लेकीच्या घरात राहायचं आणि जावयाचं अन्न खायचं म्हणजे आमच्या पिढीच्या माणसाला घास गिळवत नाही. जावई भला माणूस, कधी शब्दानं दुखावलं नाही. पण मी तिथं कुणीच नव्हतो. मी मराठीत विचारायचं आणि नातवंडांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. दोन हजार दहाच्या डिसेंबरात बर्फ पडला, नळ गोठले, त्या दिवसांत तर मी खुर्चीतच बसून असायचो.

लेक विद्यापीठाच्या ऑफिसात कामाला होती. जानेवारीत एका शनिवारी तिथं शिकणारी मंगोलियाची एक मुलगी तिनं घरी आणली. त्या मुलीच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं एक लाकडाचं पोट होतं, होडीसारखं लांबट, वर वाकलेली मान आणि मानेच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं.

लेकीनं मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडच्या डोंगरात, एका गुहेत, कुणाला तरी मेलेला माणूस सापडला होता, हजार वर्षांहून जुना. त्याच्या शेजारी असं तारा छेडायचं वाद्य होतं. असलं वाद्य आपल्याकडे वाजत होतं हे त्या लोकांच्या आठवणीतनं पार पुसलं गेलेलं. आता तिकडचे कारागीर मापं घेऊन नवीन करायला लागले होते आणि ही पोरगी इथं एका शेडमध्ये स्वतःच्या हातानं एक कोरत होती. तिचे वडील त्याच डोंगरात घोडे पाळायचे. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला लागलेले. त्या मेलेल्या माणसाचं वाद्य काय बोलतं ते त्यांना एकदा ऐकायचं होतं. ईस्टरच्या सुट्टीत ती ते घेऊन जाणार होती. पोटावर ताणायचं कातडंही त्यांनीच पाठवलं होतं, त्यांच्या म्हाताऱ्या घोडीचं.

मी लाकडावर बोट फिरवलं. पटाशी बरी धरली होती पोरीनं. एका बाजूला पोट जरा पातळ झालं होतं, ते मी दाखवलं. तिनं मान हलवली. मग लेकीला काहीतरी म्हणाली.

"अप्पा, ती विचारतेय, तुम्हाला चामड्याचं काम येतं का?"

"मिरजेच्या माणसाला हे विचारतात होय? सांग तिला."

"अप्पा, येतं की नाही तेवढं सांगा. बाकीचं मला इंग्लिशमध्ये नाही करता येत."

"येतं."

येत नव्हतं. आमच्याकडे तंतुवाद्यांचे कारागीर वेगळे आणि तबला-पखवाज मढवणारे वेगळे. त्यांची गल्ली वेगळी, हत्यारं वेगळी. मी भोपळा आणि लाकूड जन्मभर हाताळलं, ओल्या कातड्याला कधी बोट लावलं नाही. लावायची वेळ आली असती तरी मी लावलं नसतं, आमच्यात ते कमीपणाचं समजत. पण आयर्लंडला आल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कामाचं विचारलं होतं. नाही कसं म्हणू?

कातडं दोघांनी मिळून भिजवलं, ताणलं, मागच्या बाजूनं वादीनं आवळलं. खरं तर तिनंच सगळं केलं, मी धरून बसलो आणि मधूनमधून "हं, असंच" म्हणत राहिलो. तीही मला अप्पाच म्हणायची, लेकीचं ऐकून. तिला आठ दिवस कामासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. तिच्या शेडमध्ये ओल फार, म्हणून वाद्य आमच्याकडे ठेवलं. जाताना तिनं दोनदा बजावलं: सावलीत, वाऱ्यावर, आपोआप वाळू द्यायचं. वडील असंच वाळवतात.

चार दिवस झाले तरी कातडं गिळगिळीत. त्या देशात वारा आहे, पण तोही ओलाच. वास यायला लागला. लेक नाक मुरडून म्हणाली, "अप्पा, हे बाहेर ठेवायचं का?" मला ते लागलं. माझ्या हातातलं काम कुणी बाहेर ठेवा म्हणून सांगावं? आणि मनात एक होतं, पोरीनं परत येऊन बघावं तर वाद्य खणखणीत वाळलेलं, आणि तिनं तोंडात बोट घालावं.

तिकडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात. धुतलेले कपडे त्यात वाळतात. आमच्या कारखान्यात भोपळे, लाकूड, सगळं उन्हातच वाळायचं आणि ऊन जितकं कडक तितकं आम्हाला बरं वाटायचं. सगळे कामावर गेले तेव्हा मी नातवंडांचे शाळेचे स्वेटर काढून पलंगावर टाकले आणि वाद्य त्या कपाटातल्या फळ्यांवर आडवं ठेवलं.

दुपारी दार उघडून टिचकी मारली. काय आवाज! टणक, भरलेला. मी एकटाच हसलो. दार लावून जेवायला बसलो. दुसरी पोळी घेतली तेवढ्यात वरून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

कातडं आकसलं होतं आणि त्यानं पोट फोडलं होतं, जिथं पातळ होतं तिथूनच, मानेपर्यंत. जोडता येण्यासारखं राहिलं नव्हतं. कातडंही कडेनं चिरलं होतं.

लेक आली, पलंगावरचे स्वेटर बघितले, माझ्याकडे बघितलं. मुलगी परत आली त्या दिवशी मी आधीच ठरवून बसलो होतो. "सांग तिला, लाकूड कच्चं होतं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पातळ आहे."

"अप्पा..."

"सांग."

लेकीनं खाली बघत इंग्रजीत सांगितलं. मुलगी फुटलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिली. मग चादरीत सगळं गुंडाळलं, माझ्यापुढं वाकून काहीतरी म्हणाली आणि गेली. लेक म्हणाली, "तिनं सॉरी म्हटलं तुम्हाला. तुमची मेहनत फुकट गेली म्हणून."

ईस्टरला ती घरी गेलीच नाही. मे महिन्यात तिचे वडील वारले. हे मला लेकीनं भाजी चिरता चिरता सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. मला वाटतं तोंड दिसू नये म्हणून.

पुढच्या वर्षी तिनं दुसरं वाद्य केलं. विद्यापीठात एका छोट्या खोलीत वाजवलं, तीस-चाळीस माणसं. लेक म्हणाली, येऊ नका. मी गेलो. आवाज खोल होता, तंबोऱ्यासारखा रेंगाळत नव्हता, एकेक सूर खाली ठेवून पुढं जात होता. मला त्यात खोड काढता आली नाही.

माणसं पांगल्यावर मी लेकीला पुढं घातलं. म्हटलं, "सांग तिला. लाकूड चांगलं होतं. मी गरम कपाटात ठेवलं. कातड्याचं काम मला येत नव्हतं."

लेक सांगत असताना ती मुलगी माझ्याकडेच बघत होती. मग हळू काही बोलली.

"तिला माहीत होतं," लेक म्हणाली. "कातड्यावर हॉट प्रेसच्या फळ्यांचे वळ उठले होते. तिनं त्याच दिवशी बघितले."

"मग बोलली का नाही?"

"म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात खोटं कसं पाडायचं, म्हणते."

मी हात पुढं केला, वाद्य बघायला. कारागिराचा हात जातोच. तिनं ते माझ्यासमोर धरलं, अगदी जवळ, कातडं दिसेल असं. "बघा अप्पा," म्हणाली, एवढं मराठी तिला येत होतं. पण वाद्याची मान तिनं स्वतःच्या मुठीत धरली होती आणि ती मूठ सोडली नाही. मी दोन्ही हात मागं घेतले, पाठीशी बांधले आणि वाकून बघितलं. कातडं चांगलं वाळलं होतं.