आजाऱ्यापुढे त्सुबाकी

कागदाच्या घड्या घातल्या की माणूस शांत होतो, असं सुएकोबाई मुरासे ओरडून सांगत.

दर गुरुवारी वस्तीच्या सभागृहात त्यांचा कागदी फुलांचा वर्ग भरे, आणि फुलाआधी प्रवचन ठरलेलं. ओरिगामीने स्मरणशक्ती वाढते, बोटं आखडत नाहीत, रक्तदाब उतरतो, सुनेशी पटतं. बाईंची स्वतःची सून कित्येक वर्षांत ओसाकाहून फिरकली नव्हती, पण तो विषय वर्गात कोणी काढत नसे. शिकवणाऱ्याची चूक काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. बाई खड्ड्यात चालल्या तरी मागून वाकून नमस्कार करायचा.

किनुएचं मात्र घड्यांशी कधी जमलं नाही. तिच्या ट्यूलिपची मान वाकडी, लिलीच्या पाकळ्या फेंगड्या, आणि वर स्वतःच खदखदून हसायची. एका गुरुवारी बाईंनी तिचं फूल सगळ्यांसमोर उचलून धरलं.

"हे फूल आहे की बोळा? कोपऱ्याला कोपरा, किती वेळा सांगायचं? एवढंही जमत नसेल तर येऊ नका."

किनुएने कागद आवरले, आपला डबा उचलला आणि गेली.

त्या डब्यानेच घात केला. त्यात तिने घरी मुरवलेला मुळा असायचा, आणि मुळ्यासोबत तोंडी लावायला गावभरच्या बातम्या. लोक त्यासाठी येत होते, घड्यांसाठी नव्हे, हे लवकरच उघड झालं. एकीने गुडघ्याची सबब सांगितली, दुसरीने नातवाची, तिसरीला सबब शोधावीशीही वाटली नाही. उरले माकिनोआजोबा आणि ताएकाकू. मग व्यवस्थापकाने कळवलं, वर्ग असाच ओस राहिला तर एप्रिलपासून खोली कराओकेवाल्यांना. सुएकोबाईंचा धीर सुटला. नवरा केव्हाच गेलेला, घरात एक मांजर. गुरुवार गेला असता तर त्यांना "बाई" म्हणणारं कोणी उरलं नसतं.

तेवढ्यात किनुए बर्फावर घसरली आणि कंबरेचं ऑपरेशन झालं. बाईंना वाईट वाटलं, पण त्याआधी युक्ती सुचली.

"आपण फूल घेऊन भेटायला जाऊ. ती परतली की सगळे परततील. मी लाल त्सुबाकीचं फूल करते. एका कागदाचं, सगळ्यात अवघड. बघूनच विरघळेल!"

माकिनोआजोबांनी ताएकाकूंकडे पाहिलं. ताएकाकूंनी छताकडे. त्सुबाकी पाकळी-पाकळीने झडत नाही, मुंडकं उडावं तसं अख्खं फूल खाली पडतं. आजाऱ्यापुढे ते नेत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"फार शोभेल, बाई," माकिनोआजोबा म्हणाले आणि वाकले.

दवाखान्यात बाईंनी खोका उघडला. लालभडक फूल, कोपऱ्याला कोपरा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी "अगं आई गं!" म्हणत भिंतीकडे वळली, आणि बाईंना सगळं आठवलं. स्मरणशक्ती वाढली खरी, जरा उशिरा.

"किनुएताई, मी... माझ्या ध्यानातच..."

"असू द्या, बाई. माझी मान तुम्ही मागेच उडवलीत."

माकिनोआजोबांना नेमका तेव्हाच खोकला आला. सुएकोबाईंचा चेहरा फुलापेक्षा लाल झाला. रागावण्यासाठी तोंड उघडलं, पण बाहेर आलं भलतंच.

"चुकलं माझं. फुलाचं नाही म्हणत. त्या दिवशी बोलले ते. तुम्ही परत या हो."

किनुएने फूल उचललं आणि एकेक घडी उलगडत गेली. बाईंचा जीव तुटत होता, पण त्यांनी हात पुढे केला नाही. सुरकुतलेला चौकोन किनुएने तळहाताने सपाट केला आणि बाईंपुढे सरकवला.

"ट्यूलिप करा. माझ्यासारखा. मान वाकडी हवी."

सुएकोबाईंनी घडी घातली. जन्माची खोड, कोपऱ्यावर कोपरा अचूक बसला.

"चुकलं," किनुए म्हणाली. "परत करा."