अर्धी क्वार्टरबॅक

कॉलेजात मी क्वार्टरबॅक होते, पण अर्धीच. उरलेली अर्धी दुसरी एक मुलगी होती.

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात मुलींचा फ्लॅग फुटबॉलचा संघ नवाच होता. या खेळात कुणी कुणाला पाडत नाही. जिच्या हातात चेंडू, तिच्या कमरेची फीत समोरच्यांनी ओढली की डाव संपला. चेंडू कुणाकडे फेकायचा हे ठरवते ती क्वार्टरबॅक. माझा हात लांब फेकायचा, तिची नजर चांगली होती. सरांना एकीला निवडणं जमेना, म्हणून ते आम्हाला आलटूनपालटून खेळवत. दोन डाव मी, दोन डाव ती. नियम एकच: बाहेर येणारीने आत जाणारीला समोरच्या मुली काय करताहेत ते सांगायचं.

मी अमरावतीची, हॉस्टेलवर राहणारी आणि सतत तोंड वाजवणारी. ती पुण्याच्या पेठेतली. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "काऊन वं, तू हसत नाहीस का?" ती म्हणाली, "कारण मिळालं की हसते."

उपांत्य सामन्याच्या आधी सर म्हणाले, "अंतिम सामन्यात एकच क्वार्टरबॅक खेळेल. आज बघून ठरवतो." मला ती जागा हवीच होती. घरी मी केव्हाच सांगून ठेवलं होतं की संघाची मुख्य खेळाडू मीच, आणि बाबा अंतिम सामना बघायला यायचे होते.

पहिले दोन डाव माझे. समोरच्यांची डावीकडची उंच मुलगी थेट अंगावर धावून यायची आणि तिच्यामागची जागा मोकळी पडायची. बाहेर येता येता ते माझ्या लक्षात आलं. "काय?" तिने विचारलं. "काही विशेष नाही," मी म्हटलं.

पुढच्या दोन्ही डावांत त्या उंच मुलीने तिची फीत ओढली. मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, पण आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू?

ती धापा टाकत बाहेर आली. "डावीकडची उंच मुलगी घाई करते. तिच्यामागे मोकळं आहे, तिथे फेक."

मी तिथेच फेकला. त्या गुणांवर आम्ही जिंकलो आणि सरांनी मला निवडलं.

बाकीच्या नाचत होत्या. मी तिला गाठून म्हटलं, "ती उंच मुलगी मला आधीच दिसली होती. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"माहीत आहे," बुटाची नाडी सोडत ती म्हणाली. "माझ्यावर दोनदा आली, तुझ्यावर काय एकदाही आली नसेल?"

"मग तू मला का सांगितलंस?"

"जिंकायचं होतं."

मला रडूच आलं. तशीच सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मग दोघी खेळा. बोलत बोलत."

बाबांना फोन केला. "बाबा, मी अर्धीच क्वार्टरबॅक आहे. तरी येता का?"

"तिकीट पूर्ण काढलंय," ते म्हणाले.

अंतिम सामन्यात माझे पहिले दोन डाव झाले. बाहेर येताना मी तिचा हात धरला आणि सांगत सुटले: कोण डावीकडे झुकते, कोण दमली आहे, कुणाचा बूट सैल आहे. शेवटी पंचांनी शिट्टी वाजवली आणि वेळ काढल्याबद्दल आम्हाला पाच यार्ड मागे ढकललं. सर ओरडले. ती मात्र मैदानात जाता जाता खदाखदा हसत होती.