ओल्या पायांची बैठक

मोठ्या मशिदीत जुंपली तेव्हा वहिनी पडद्यामागच्या बायकांच्या खोलीत पेंगत होती. उंच खिडकीतून ऊन उतरत होतं, त्यात लोकरीचे तंतू तरंगत होते. आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

"नव्या गालिच्याच्या रेघा किब्ल्याकडे नाहीत, मक्का राहते बाजूला. चार महिने आपण तिरके उभे आहोत," शिंपी म्हणाला.

"तिरकी तुमची नजर," लाकूडवाला म्हणाला. "गालिचा माझ्या वडिलांच्या नावाने दिलेला आहे. हात लावलात तर आम्ही वेगळी मशीद बांधू."

मशीद, मदरसा, वाचनालय, सगळा कारभार वहिनीच्या धाकट्या दिराकडे. घरी येऊन तो ताटावर बसला.

"भावजी, गालिचा घालताना मापाची दोरी कुणी धरली होती?"

"मीच. भिंतीवरून मापलं. ती भिंत मागाहून बांधलेली, जरा तिरकीच."

"मग सांगा की."

"नियम मीच घातलाय, वहिनी. नमाजाच्या कामात चूक करील त्याने कारभार सोडायचा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मशिदीच्या दोन होतील."

"मग कारभार कशाचा करणार? नळांचा?"

तो हसला, पण ताटातलं तसंच राहिलं.

अवघड विषय तो कधी कचेरीत काढत नसे. नमाजाआधी हातपाय धुतात त्या वजूच्या नळांपाशी काढायचा. पाय ओले असले की कुणी मूठ आपटायला जात नाही, असा त्याचा अनुभव. दुसऱ्या दिवशीही शिंपी आणि लाकूडवाला बाह्या वर करून शेजारीशेजारी बसले होते.

"गालिचा उत्तम आहे. माप माझं चुकलं," तो म्हणाला.

शिंप्याने नळ बंद केला. पलीकडच्या नळावरून इमामसाहेब हळूच म्हणाले, न कळत झालेलं माफ असतं, चार महिन्यांचे नमाज कबूल आहेत. लाकूडवाल्याने पाय पुसले. "चला, एक टोक मी धरतो."

दुसरं टोक शिंप्याने धरलं. गालिचा वळला तेव्हा पडद्याआडून बघणाऱ्या वहिनीला वाटलं, सगळी मशीदच झोपेत कूस बदलते आहे.

"कारभारावर राहा की," दोघं म्हणाले. पण त्याने किल्ल्या इमामसाहेबांच्या हाती दिल्या.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखाच तो पूर्वी मशिदीत बांग देणाऱ्या, आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बांगीसाहेबांकडे डबा घेऊन गेला. वहिनी सोबत होती. त्याने त्यांना उशीला टेकवून बसवलं.

"आज नमाजाला कोण कोण होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

तो पहिल्या ओळीपासून एकेक नाव सांगू लागला. वहिनीने डबा उघडला.