टुंड्रातली तळी

एप्रिलचा पहिला शनिवार. हजर: ग्रंथपाल म्हणून मी, शिपाई, रद्दीवाला. गैरहजर: आमच्या कॉलेज ग्रंथालयातले नकाशे सांभाळणारे सहायक. ते चारच दिवसांपूर्वी निवृत्त झाले होते.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. हे साबणाने हात धुऊन, घरून आणलेल्या पंच्याला पुसल्याशिवाय नकाशाला हात लावत नसत. पोरांनाही सांगत, "पहिले हात धू गा, मंग जग पाह्य."

आमच्याकडे उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्राचा एक जुना स्थलदर्शक नकाशा होता. त्यात गाव नाही, रस्ता नाही. नुसत्या उंचीच्या रेषा आणि असंख्य बारकी तळी. सहायक मूळचे कुहीचे, भातशेतीच्या मुलखातले. त्यांना त्यात पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसत. "एवढं पाणी, अन् रोवाले एक माणूस नाही," म्हणून हळहळत. मे महिन्यात उन्हातून आलेल्या पोरांना आधी तो नकाशा दाखवत, मग माठ.

डबा खाऊन झाला की ते रोज तळी मोजत. मोजलेल्या तळ्यावर पेन्सिलचा ठिपका. कशाला, असं मी एकदा विचारलं.

"काढणाऱ्यानं थंडीत फिरून काढलं मॅडम. कोणी तं पाहाले पायजे."

निरोपाच्या दिवशी एक कोपरा राहिला होता. पुढल्या आठवड्यापासून शनिवारी येऊन पुरा करू का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

खराब नकाशांची यादी मीच केली होती. त्यात मीच लिहिलं होतं: टुंड्रा, पेन्सिलच्या खुणा, बाद. ती ओळ काढायची तर यादी नव्याने टाइप करून तीन सह्या घ्यायच्या. उद्या करू म्हणता म्हणता रद्दीवाला आला. मी एकेका नगापुढे बरोबरची खूण केली. टुंड्रापुढेही.

पुढच्या शनिवारी ते हात धुऊन टेबलापाशी उभे राहिले. नकाशा स्कॅनिंगला गेलाय, मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता टिकते तो."

आणखी तीन शनिवार ते आले, मग यायचे थांबले. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांनी मोतीबिंदू काढून घेतला. बारकी तळी दिसत नव्हती म्हणे. "नकाशा आला का, रोज विचारून राहिले."

अजून नाही, मी म्हटलं.

माझ्या वहीत काम सहसा उरत नाही. सक्करदऱ्याला त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून खरं सांगायचं, एवढं उरलंय. आज सकाळी मी त्याची तारीख पुन्हा पुढे ढकलली.