दादाने दोनदा केलेली वाटणी

दादाने मला वाटणीत फसवलं, असं आमचा मामा अख्ख्या शहापुरात सांगत फिरायचा.

आज सकाळी दादा गेला.

फोन उचलून उचलून थकलो, म्हणून इथे लिहितोय. एकदाच लिहितो.

माझा थोरला भाऊ. मुरबाडच्या हायस्कूलला गणित शिकवायचा. मी नववीतच शाळा सोडली आणि बाजारात गोणपाट टाकून खिळे-बिजागऱ्या विकायला बसलो.

वडील गेले त्यानंतरची गोष्ट. नव्वदचं दशक.
मुरबाड रोडला आमची जागा. समोरासमोरच्या बाजू सारख्या, पण कोपरे काटकोनात नाहीत. कुणीतरी चौकोन एका अंगाने ढकलून दिल्यासारखा.

मधोमध सरळ रेघ मारली असती तर विषयच नव्हता. पण मागच्या टोकाला नेमका मध्ये आईचा आंबा. आई म्हणाली, "झाडाला हात लावायचा नाय."

मग दादाने सुतळी आणली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दुसरी सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांना. जिथे छेदल्या तिथे खुंटी ठोकली.

"आता या खुंटीतून रेघ कशीपण तिरकी मार. दोन्ही तुकडे एकरूप."

आंबा वाचवून रेघ मारली. एक तुकडा रस्त्याला रुंद, मागे निमुळता. दुसरा बरोब्बर उलटा.

मामा उठलाच. "हा वाघमुखी, तो गोमुखी. एकात वाघ बसवला नि म्हणतो सारखे?"

दादाने कॅलेंडरचा कागद तसाच तिरका कापला. रेघेवर दोन तुकडे केले. एक फिरवून दुसऱ्यावर ठेवला. कोनावर कोन, बाजूवर बाजू. तसूभर बाहेर नाही.

मामा म्हणाला, "कागद फिरला मास्तर. रस्ता फिरंल का?"

सगळे हसले. दादा पण हसला. "मामा, रस्ता भूमितीत येत नाय."

आमच्यात रीत अशी, थोरल्याने रेघ मारायची आणि धाकट्याने आधी तुकडा उचलायचा. म्हणजे थोरला रेघ आपल्याकडे झुकवत नाही.

बायका मागे कुजबुजत होत्या, "गोमुखीच उचलंल, येडा थोडाच हाय."
माझे कान तिखट. सगळं ऐकलं.

मी वाघमुखी उचलला.

वाघमुखी जागेत संसार करू नये म्हणतात, पण धंदा करावा. मला रस्ता हवा होता. दुकान टाकलं. आज माझं जे काही आहे ते त्या रुंद तोंडामुळे. मामाला मात्र शेवटपर्यंत वाटायचं, दादानेच माझ्या कानात भरवलं.

दादाने शेजारी घर बांधलं. मध्ये तारेचं कुंपण.

मग दोन हजार सालानंतर रस्ता रुंद झाला.

पुढची पट्टी गेली. माझी बाजू रस्त्याला रुंद, म्हणून माझीच जास्त गेली. मोबदल्याचं सोडा, शटर उघडायचं कुठे?

मी कुणाला काही बोललो नाही. बोलणार काय? माझ्या हाताने उचललेला तुकडा.

रविवारी बघतो तर दादा सुतळी घेऊन उभा.

"काय करतोस?"

"कोपरे बदललेत ना. मधला बिंदू सरकला. रेघ परत मारायला लागंल."

"दादा, वाटणी कधीच झाली. गेलं ते माझ्या नशिबाचं."

तो सुतळी ताणत होता. वर न बघता म्हणाला,
"रस्त्याने बापाच्या जागेतलं खाल्लं. तुझ्या एकट्याच्या नाय."

मग खुंटी ठोकता ठोकता, "मामा बरोबर बोललेला रे. रस्ता मी धरलाच नव्हता."

शाळेत कुणाचं ऐकून न घेणारा माणूस. फळ्यावरची चूक पुसावी तसं बोलला.

मी वहिनींकडे बघितलं. म्हटलं, आता या बोलतील. त्यांचा अळवाचा वाफा माझ्याकडे येत होता.

त्या म्हणाल्या, "भावजी, अळू तुमचा झाला. पण वड्या माझ्याकडंच खायला यायचं. तुमच्या बायकोच्या वड्या घशात खाजतात."

दुपारपर्यंत दादाने स्वतः खांब उपटले आणि आपल्याच जागेत आत सरकवून रोवले. मला पहारसुद्धा धरू दिली नाही.

लोक म्हणतात, दोघे भाऊ सारखे.
कशाचे सारखे. मी तुकडा उचलताना दुकान बघितलं होतं. त्याने खांब रोवताना मला बघितलं.

आज त्याचे विद्यार्थी आले. कसाऱ्यापासून आले, केस पिकलेले. त्याच्या अंगणात मावेनात. पोरांनी कुंपणाच्या तारा सोडल्या आणि त्याला अलीकडे आणून ठेवला. त्यानेच मला सोडलेल्या पट्टीत. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

संध्याकाळी सगळे पांगले. पुतण्या पक्कड घेऊन आला.
"काका, तारा बांधू का परत?"

मी म्हटलं, "नको रे."

त्याने पक्कड खिशात टाकली. मग खांब पण काढायला लागला.

दादा, जा सावकाश. मागचं आम्ही बघतो.
तुझ्या धाकट्याचा शेवटचा नमस्कार.