पीक आलंच नाही

आधीच सांगते – भूतबाधा, करणी, नजर, हे सगळं मला फालतू वाटतं. अक्कल गहाण टाकलेल्या लोकांचं काम. मी केमिस्ट्रीची एम.एस्सी., इंदूरच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. लघवीतली विषारी द्रव्यं मोजते. हसू नका, याच कामावर माझं घर चालतं.

काम असं, की किडनी रक्तातला कचरा गाळून लघवीत फेकते. आमचं मशीन त्या लघवीतली द्रव्यं एकेक करून वेगळी काढतं आणि स्क्रीनवर प्रत्येकाचं टोक वर येतं. त्याला आम्ही इंग्रजीत पीक म्हणतो. आमचे सीनियर महेंद्रजी महूचे, आजोबा फौजेत होते. त्यांना जोक करायची भारी हौस. रोज विचारायचे, काय मॅडम, यंदा पीक कसंय? निरोगी माणसाचं पीक भरघोस येतं. किडनी बसली की कचरा आतच राहतो आणि पीक खुजं येतं.

तुलनेला निरोगी माणसाची लघवी लागते. ती लॅबवाल्यांनीच घरून आणायची, अशी आमच्याकडे पद्धत. त्या वेळी माझा नंबर होता, मी दादाची आणली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सियागंजात त्याचं हार्डवेअरचं दुकान. वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि हा तिला आपली एक देणार होता. हॉस्पिटलने सगळ्या तपासण्या करून त्याला एकदम फिट ठरवलं होतं. मग त्याच्याहून निरोगी कोण मिळणार मला?

सकाळी सॅम्पल लावलं. दादाच्या जागी सरळ रेघ... एकही टोक नाही. मला वाटलं, चुकून पाण्याची कुपी लागली. मशीन साफ आहे का बघायला आम्ही आधी नुसतं पाणी चालवतो ना. पण कुपी तर पिवळीधमक, डोळ्यांसमोर! महेंद्रजींनी मला बाजूला केलं आणि स्वतः नवी कुपी भरली. आधीचं सॅम्पल बरोबर, नंतरचं बरोबर, मधे दादा – सरळ रेघ. अहो, आजारी माणसाचंही थोडंफार येतंच की. दुसऱ्या दिवशी ताजी लघवी आणली, तरी तेच. महेंद्रजींनी त्या दिवशी जोक केला नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, जिवंत माणसाचं असं येत नाही."

ऑपरेशन जवळ आलं होतं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले मशीन दुरुस्त करून घ्या, आमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. दादाने तर मला वेड्यातच काढलं असतं. शेवटी दादाच्या अन्नपूर्णा भागातल्या घरी जाऊन वहिनीपाशी बसले आणि पोटातलं ओठांवर आलंच. ती भुट्ट्याच्या कीसासाठी मक्याची कणसं किसत होती. हात थांबला तिचा.

"यांना काही सांगू नको, बेबी," ती म्हणाली. "मला यांची किडनी नको."

त्यानंतर तिने जो हट्ट धरला, तो धरलाच. दादा चिडला, रडला, सासर-माहेरचे सगळे बोलून थकले. खरं कारण तिने कुणाला म्हणून सांगितलं नाही. डायलिसिसवर ढकलत ढकलत वर्ष काढलं, आणि एका दुपारी डायलिसिस चालू असतानाच वहिनी गेली.

तेराव्याला महेंद्रजी भेटायला आले. बिचाऱ्यांना वाटलं, दादाला सगळं माहीत आहे. त्या सरळ रेघेबद्दल बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी दादा लॅबमध्ये हजर. लघवीची बाटली माझ्या हातात दिली, "लाव," म्हणाला, आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

मी लावली. एकेक टोक वर यायला लागलं... उंच, नीटस, अगदी धडधाकट माणसाची यावीत तशी. मशीन तेच, पद्धत तीच, हात माझेच. मग ती सरळ रेघ कुणाची होती? दादावर काही येणार होतं आणि वहिनीने ते स्वतःवर घेतलं, की काही नव्हतंच आणि मी तिला... मला खरंच माहीत नाही. महेंद्रजींनाही नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर सांगा, पण मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

दादा दारात येऊन उभा होता. "काय आलं?"

"मशीन बंद आहे, दादा," मी म्हटलं. मागे ते घरघरत होतं.