गुलाम रसूलने परत मागितलेली झाकणे

जो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याच्यावाचून क्षणभरही निभत नाही, जो जन्मलेल्या जिवाच्या छातीत न बोलावता शिरतो आणि अखेरीस न सांगता निघून जातो, त्या प्राणरूप परमेश्वराला माझे दंडवत. त्याला कोणी नारायण म्हणावे, कोणी अल्ला म्हणावे. हाक मारणाऱ्याचे नाव विचारण्याची त्याची रीत नाही. त्याच्या पायांशी बसून आज एका टिनवाल्याचे चरित्र सांगायचे आहे. नाव गुलाम रसूल. गाव कोसमटोला, मुलचेऱ्याच्या वाटेवरचे.

रसूलभाऊंचे दुकान म्हणजे कडुनिंबाखालचे एक छप्पर. रॉकेलचे रिकामे डबे कापून ते चाळण्या करीत, नरसाळी करीत, गळक्या बादल्यांना बूड लावीत. हात असा की कथील वितळवून झाळलेला सांधा बोट फिरवूनही सापडू नये. देवराव हा त्यांचा बालपणीचा सोबती. देवराव भजनात खंजिरी वाजवी आणि त्या खंजिरीच्या चकत्या रसूलभाऊंनी कापलेल्या. ईदेचा शिरखुर्मा पहिल्यांदा देवरावाच्या घरी जाई आणि देवरावाची बायको गिरजाबाई दिवाळीचा पहिला अनारसा रसूलभाऊंच्या घरी सुलतानाभाभींच्या हातावर ठेवी. दोन घरे होती, पण चूल विझली तर निखारा मागायला एकमेकांकडेच जायचे.

सन १९८५. गावात धुराविना चुलीची योजना आली. मातीची चूल आणि तिच्या पाठीमागून छपरावर जाणारे पत्र्याचे धुराडे. सगळी धुराडी रसूलभाऊंनी केली. बायांच्या डोळ्यांचे पाणी थांबले. गावाने त्यांना दुवा दिला. मग मार्गशीर्ष आला, जंगलातली थंडी आली, आणि तक्रार निघाली.

"धूर जाते थे बरं आहे, रसूलभाऊ," गिरजाबाई म्हणाली, "पर ऊब बी त्याच्याच मागं जाते. रातभर हाडं वाजतेत माही."

रसूलभाऊंनी दोन दिवस खपून एक झाकण केले. धुराड्याच्या तोंडावर बसणारे, खालून तारेने ओढले की घट्ट मिटणारे. जाळ विझावा, धूर संपावा, नुसते लाल निखारे उरावेत, मग तार ओढावी, ऊब घरातच. सगळ्यांनी झाकणे मागून घेतली. गावाला आणि रसूलभाऊंना एकच गोष्ट ठाऊक होती: धूर बाधतो. निखारा मात्र निर्मळ. धूर सरला की भय सरले. वाडवडिलांपासून हेच चालत आले होते, आणि इथेच सगळ्यांची वाट चुकली.

पौषातल्या एका सकाळी गिरजाबाई उठली नाही. ती चुलीजवळच निजत असे, देवराव ओसरीवर. गालांवर लाली होती, चेहरा शांत होता. "पुण्यवान बाई," लोक म्हणाले, "झोपेतच नेलं देवानं." खांदा द्यायला रसूलभाऊ पुढे होते. पण तिरडी बांधली जात असताना त्यांची नजर स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यातल्या डालीखालच्या चारही कोंबड्या मेलेल्या होत्या. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या होत्या. आणि तार ओढलेली होती.

कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली असेल, असे कोणी म्हणाले. रसूलभाऊ तिरडीकडे वळले.

चौथ्या दिवशी पत्रा आणायच्या निमित्ताने ते गडचिरोलीला गेले आणि दवाखान्यात एका डॉक्टरसमोर उभे राहिले. "एका घरी असं झालं साहेब," एवढेच सांगितले. डॉक्टरने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते झोप आली. धुराडे बंद असले किंवा काजळीने तुंबले, दारे-खिडक्या मिटल्या, की तो घरातच साचतो. "धुराची भीती बरी, बाबा. धूर खोकला आणतो, जागं करतो. हा जागंही करत नाही."

परतीच्या एसटीत रसूलभाऊंनी आपले हात मांडीवर उलटे ठेवले होते. त्या हातांची सफाई आजवर त्यांचे भूषण होती. त्या सफाईमुळेच त्या झाकणाला केसाएवढी फट राहिली नव्हती.

आता खरे सांगावे, तर देवरावासारखा सोबती जातो. न सांगावे, तर आणखी कोणी जातो. रसूलभाऊंनी मधली वाट काढली. ते घरोघर शिडी घेऊन फिरू लागले. "झाळण कच्चं राह्यलं बाई, झाकण द्या, पक्कं करून आनतो." झाकण काढायचे, दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून धुराड्यातली काजळी उतरवायची, आणि झाकण परत बसवायचेच नाही.

"काऊन भाऊ," गावातला हरिदास हसला, "मोडलेल्या सोयरिकीवानी दिल्लं थे परत मांगून राह्यले?"

"तसंच समज," रसूलभाऊ म्हणाले, आणि शिडी दुसऱ्या भिंतीला लावली.

पहिले काढले ते देवरावाच्या घरचे. तेराव्याच्या पंगतीत रसूलभाऊंनी वाढपी होऊन भात वाढला. देवराव म्हणाला, "तू हायस म्हणून उभा हाओ, रसूल." त्या पानावर त्यांनी भान हरपून दोनदा भात वाढला. लोकांना वाटले, दुःख.

एकच झाकण राहिले: बायनाबाईचे. बायनाबाई गावाची सुईण. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मलेले, त्यामुळे निम्म्या गावाला ती अरे-तुरे करी.

"माह्या झाकणात खोट नाई. बसते चांगलं. आन् माही सीता बाळंतपणाले आली आहे. बाळंतिणीच्या खोलीत वारं शिरू देऊ का मी? तू टिन ठोक, बाळंतपण मले शिकवू नोको."

ते तीनदा गेले, तीनदा परतले. माघात सीतेला मुलगी झाली. पाचवीच्या दुपारी रसूलभाऊ दारात उभे राहिले. चुलीचीच खोली बाळंतिणीला दिलेली, ती बंद, उंबऱ्याला फडके लावलेले, आतून ओव्याच्या धुरीचा वास. पाचवीच्या निमित्ताने ओसरीवर चार बाया बसलेल्या.

"सीता कशी आहे, बाई?"

"डोकं धरून बसली आहे सकाळपासून. उलटी झाली दोनदा. पोरगी बी दूध ओढत नाई, नुसती निजते. वारं लागलं कुठून तरी. आनखी निखारे टाकतो आता."

रसूलभाऊंनी शिडी भिंतीला टेकली. बायनाबाईने ती हाताने धरली.

"माह्या छपरावर चढशील तं गावात बसू देणार नाई."

"बाई, दार उघडा. थे वारं नाई. निखाऱ्याची हवा आहे. माणूस मरते तिनं."

"कोन मेलं? सांग ना. बायना बाळंतपणं करून राह्यली तीस वर्सं. निखाऱ्यानं कोन मेलं?"

ओसरीवरच्या बाया इकडेच बघत होत्या. त्यांतली एक देवरावाची भावजय होती. रसूलभाऊंनी तिच्याकडे एकदा पाहिले.

"गिरजाबाई," ते म्हणाले. "माह्या झाकणानं मेली. मले ठाऊक होतं. मी बोललो नाई."

बायनाबाईने शिडी सोडली. ती आत गेली, उंबऱ्याचे फडके पायाने लोटले, खिडकी उघडली, तार सोडली. मग लेकीला काखेत धरून आणि नातीला उरावर घेऊन बाहेर उन्हात आली. सीता अंगणातल्या बाजेवर पडून राहिली. बराच वेळ गेला. पोरगी आधी कुरकुरली, मग लाल होऊन रडली. बायनाबाईने तिला छातीशी लावले आणि रसूलभाऊंना म्हणाली, "चढ. काढ थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव दुकानावर आला. बसला नाही.

"तुले कवापासून ठाऊक होतं?"

"तेराव्याच्या आधीपासून."

"आन् तू मले भात वाढला."

रसूलभाऊ उठून उभे राहिले होते. "काय बोलू, देवराव?"

"आता कायले बोलतं?" देवराव म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो त्या छपराखाली कधी आला नाही. ईदेला शिरखुर्म्याचे भांडे गेले ते तसेच भरलेले परत आले. सुलतानाभाभींनी ते उतरून ठेवले.

काही घरांनी रसूलभाऊंना काम देणे सोडले. पण बायनाबाई, जिच्या जिभेला गाव भीत असे, ती प्रत्येक बाळंतिणीच्या घरी आधी धुराडे बघू लागली. "काजळी कवा काढली? खिडकी उघडी ठेवा बोटभर. रसूलले बोलवा." म्हणून ते जात. कार्तिकात शिडी निघे ती फाल्गुनापर्यंत फिरे.

एका छपरावर मात्र त्यांना बोलावणे नव्हते. पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडाला ते रस्त्याने जाताना थांबले. देवराव स्वतः छपरावर चढला होता, दोरीला बोळा बांधून धुराड्यात वर-खाली करीत होता. अनभ्यस्त हात, तोंडावर सारी काजळी. त्याने खाली पाहिले, ओळखले, आणि पाठ फिरवून काम चालू ठेवले. रसूलभाऊ त्या दोरीकडे बघत उभे राहिले. "तळाशी अडते," ते स्वतःशीच पुटपुटले. दोरी न अडता तळापर्यंत उतरू लागली तेव्हा ते चालू लागले. घरी येऊन सुलतानाभाभींना एवढेच सांगितले, "साफ केलं त्यानं. चांगलं केलं."

हे दयाघना, ज्या माणसाने एका झाकणाचे ओझे आयुष्यभर वाहिले, त्याच्या खांद्याला तू बळ दे. सुलतानाभाभींच्या चुलीला अन्न कमी पडू नये, त्यांच्या उंबऱ्यावर सोबत्याची पावले पुन्हा उमटोत. आणि गुलाम रसूलच्या घरातले प्रत्येक माणूस, निजलेले, सकाळी उठो.